अंधारातली उसाची ट्रॉली आणि साठचा काटा : एका दुचाकी अपघाताचे प्रकरण

हा प्रसंग नमुन्याचा आहे. गळीत हंगामात सांगली जिल्ह्यातल्या रस्त्यांवर दुचाकी मागून ट्रॉलीवर आदळते तेव्हा जे दुवे पुन्हा पुन्हा दिसतात, ते एकत्र करून तो बांधला आहे. म्हणून माणसे, गाव, कारखाना सगळे निनावी. कलमे, रकमा आणि ब्रेकचे गणित मात्र जसेच्या तसे.

वाळवा तालुका, जानेवारी महिना, संध्याकाळचे साडेसात. कारखान्याकडे जाणारा साडेपाच मीटर डांबराचा रस्ता, मधे दुभाजक नाही, दिव्याचे खांब नाहीत, दोन्ही अंगांना उभा ऊस. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर फडातून भरून निघाला आणि वाटेत मागच्या ट्रॉलीचे डावे चाक बसले. साइडपट्टी डांबरापेक्षा वीतभर खाली होती. भरलेली ट्रॉली तिथे उतरवली असती तर कलंडली असती, म्हणून चालकाने ती डांबरावरच ठेवली. अडीच मीटरच्या आसपास रुंदीची ट्रॉली, म्हणजे जवळजवळ अर्धा रस्ता अडला. ट्रॅक्टर बंद करून चालक टायर घेऊन कुणाच्या तरी गाडीवर गावात गेला. मागे दिवा नाही, इशाऱ्याचा चमकता त्रिकोण नाही. ट्रॉलीच्या फाळक्यावर, म्हणजे मागच्या झडपेवर, कारखान्याने हंगामाच्या सुरुवातीला चिकटवलेली लाल पट्टी होती, पण मोळ्यांची शेंड्याकडची टोके मागे हातभर लोंबत होती आणि पट्टी त्यांच्याआड गेली होती.

मागून ११० सीसीची, २०१७ सालची मोटरसायकल आली. चालवणारा चोवीस वर्षांचा, गाडी चुलतभावाच्या नावावर, मागे त्याच गल्लीतला मित्र. पुढच्याच्या डोक्यावर आयएसआय छापाचे पूर्ण चेहऱ्याचे हेल्मेट होते, पण पट्टा लावलेला नव्हता. मागच्याच्या डोक्यावर काहीच नाही. समोरून कुठलीही गाडी येत नव्हती. धडक ट्रॉलीच्या उजव्या मागच्या कोपऱ्याला बसली. चालवणाऱ्याचे हेल्मेट पहिल्याच धक्क्यात निघून उसात गेले, डोके आधी मोळ्यांवर आणि मग डांबरावर आपटले. मागचा त्याच्यावरून पुढे फेकला गेला, त्याची मांडी मोडली. डांबरावर मागच्या चाकाची आठ-नऊ मीटरची घासल्याची खूण मिळाली. पुढच्या चाकाची खूण नाही.

पस्तीस मीटरचा हिशोब

वेग किती होता, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : चाळीस. जखमी असो, ट्रॉलीवाला असो की बघणारा असो, आपापल्या माणसाचा वेग चाळीसच्या वर कुणी सांगत नाही. त्यामुळे सांगण्यावर न जाता खुणांवर जावे लागते. इथे साठच्या आसपास वेग धरला तर खूण, गाडीच्या पुढच्या चाकाच्या फोर्कचा आत वळलेला आकार आणि माणूस किती लांब फेकला गेला, हे तिन्ही जुळते.

साठ हा वेग बेकायदा नाही, आणि प्रकरणाची गाठ इथेच आहे. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर दुचाकीची कमाल मर्यादा ताशी ६० किलोमीटर आहे. दुभाजक असलेल्या चारपदरी रस्त्यावर ती ८० आहे. स्थानिक फलक कमी मर्यादा सांगत असेल तर तो पाळायचा. पण ही मर्यादा रस्त्याची आहे, आपल्या दिव्याची नव्हे.

ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. समोर काहीतरी काळे आहे, ते थांबलेले आहे आणि आपल्याला ब्रेक दाबायचा आहे, हे डोक्यात उतरून हात-पाय हलेपर्यंत सावध माणसाचाही दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते, एकही मीटर ब्रेक न लागता. कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट दाबले तर अशी गाडी दर सेकंदाला साधारण ५ मीटर प्रति सेकंद इतका वेग टाकते. साठवरून पूर्ण थांबायला आणखी २८ मीटर लागतात. एकूण ५३ मीटर.

आता दिवा. जुन्या गाडीच्या डिप्परमध्ये, म्हणजे खाली पडणाऱ्या जवळच्या झोतात, काच धुळकट असताना, वाळक्या पाल्याच्या रंगाची न चमकणारी वस्तू ३५ मीटरवर ओळखू आली तरी पुष्कळ. ५३ लागतात आणि ३५ आहेत. दीड सेकंदात २५ गेले, ब्रेकसाठी १० उरले. दोन्ही ब्रेक लागले असते तरी धडक ताशी ४८ ने बसली असती. इथे फक्त मागचा ब्रेक दाबला गेला, चाक अडकले आणि घसरले. मागचा एकटा ब्रेक सेकंदाला ३ मीटरच्या वर क्वचितच जातो, म्हणून धडक ५३ च्या आसपास बसली.

तोच रस्ता, तीच ट्रॉली, तेच ३५ मीटर, फक्त वेग ५० : दोन्ही ब्रेक दाबले तर धडक ताशी २६ ने. वेग ४५ : गाडी ट्रॉलीच्या अलीकडे, अर्ध्या मीटरवर का होईना, उभी राहते. साठ आणि पंचेचाळीस यांत फरक पंधराचा दिसतो, पण एकीकडे मेंदूची शस्त्रक्रिया आहे आणि दुसरीकडे दोन शिव्या. दहा किलोमीटरच्या वाटेवर साठने दहा मिनिटे लागतात, पंचेचाळीसने सव्वातेरा.

समोरून गाडी येत असेल तर हिशोब आणखी कडक होतो. अप्पर न उतरवता एखादी पिकअप अंगावर आली की तिच्या दिव्यामागच्या अंधारात डावीकडची वस्तू २० मीटरवरही दिसत नाही. २० मीटरात थांबायचे तर वेग तीसच्या आसपास हवा. पंचेचाळीसने गेलात तर ब्रेकला सव्वा मीटर उरतो आणि धडक ४३ ने बसते. म्हणून डोळे दिपले की त्याच क्षणी थ्रॉटल सोडायचा, नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर न्यायची, आणि समोरची गाडी गेल्यावरही दोन-तीन सेकंद वेग वाढवायचा नाही. दिपलेली बुबुळे लगेच पूर्वपदावर येत नाहीत. एकच दिवा चालू असलेला ट्रॅक्टर लांबून मोटरसायकलसारखा दिसतो, हेही हंगामात लक्षात ठेवलेले बरे.

बगल देऊन निघता आले नसते का? तीन मीटर रस्ता मोकळा होता, समोर कुणी नव्हते. पण मागचे चाक एकदा अडकले की गाडी वळत नाही, ती सरळ घसरते. आधी ब्रेक सोडावा लागतो, मग हँडलला टेकू द्यावा लागतो. ही उलटी कृती घाबरलेल्या माणसाकडून दीड सेकंदात होत नाही. धडक उजव्या कोपऱ्याला बसली, यावरून प्रयत्न झाला एवढेच कळते.

अप्पर, डिप्पर आणि मागे बसलेला माणूस

समोरून कुणी येत नव्हते, मग अप्पर का नव्हता? बल्ब तपासल्यावर कळले की अप्परची तार आधीच जळलेली होती. या गाड्यांत एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, ३५-३५ वॅटच्या. एक गेली तरी दुसरी चालते, म्हणून मालक महिनोन्महिने तसाच फिरतो. बल्ब बदलायला गॅरेजात पाच मिनिटे लागतात. अप्पर चालू असता तर ट्रॉली याच्या दुपटीहून लांबून दिसली असती आणि साठनेही थांबायला जागा मिळाली असती.

दुसरी गोष्ट अशी की मागे माणूस बसला की गाडीचे मागचे शॉकअप दबते, पुढचे तोंड वर होते आणि डिप्परचा झोत रस्त्यावर पडायच्या ऐवजी उसाच्या तुऱ्यांवर पडतो. समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला रस्ता दिसत नाही, दोन्हीकडून नुकसान. तपासणी घरी होते. सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा, दोन्ही टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, नेहमीप्रमाणे दोघे बसा. भिंतीवर दिव्याच्या मध्याच्या उंचीला खडूची रेघ मारा. डिप्परच्या झोताची वरची कड त्या रेघेच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. वर पडत असेल तर हेडलाइटखालचा स्क्रू फिरवून खाली आणा. नेहमीच दोघे जात असाल तर मागच्या शॉकअपची स्प्रिंग एक-दोन खाचा कडक करून घ्या. त्या खाचा कंपनीने त्यासाठीच दिलेल्या असतात. धुळकट काचेवर ओला कपडा फिरवणे रोजचे काम आहे. हेल्मेटच्या ओरखडलेल्या काचेतून रात्री प्रत्येक दिव्याला शेपटे फुटतात, आणि काळी काच रात्री वापरणे म्हणजे डोळ्यावर पट्टी बांधणेच.

या गाडीचा पुढचा ब्रेक चालत होता का? चालत होता, पण सैल होता. लिव्हर टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळी हलावी आणि मग ब्रेक पकडावा. इथे ती जवळजवळ मुठीला टेकत होती. मागच्या पेडलला २० ते ३० मिलिमीटर मोकळी हालचाल चालते. ड्रमच्या बाहेर ब्रेक-आर्मजवळ एक बाण आणि एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत पोहोचला तर आतले ब्रेक-शू झिजून संपले, नट कितीही आवळला तरी उपयोग नाही. पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते, हा समज आपल्याकडे बापाकडून मुलाकडे येतो. तो पसरला वाळूवर आणि शेणकाल्यावर, आणि तिथे त्यात तथ्यही आहे. पण कोरड्या डांबरावर वजन पुढे झुकते आणि थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या चाकाकडे असते. पद्धत अशी : दोन्ही एकदम धरायचे, पुढचा झटका न देता पिळत न्यायचा, मागचा हलका ठेवायचा. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना एकत्रित ब्रेक (किंवा एबीएस) आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे चाक अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे. एकत्रित ब्रेकमध्ये पेडल दाबले की पुढचे चाकही थोडे पकडते. २०१७ च्या या गाडीत ती सोय नव्हती.

टायरबद्दल थोडक्यात. नियमानुसार दुचाकीच्या टायरची खाच ०.८ मिलिमीटरच्या खाली जाऊ नये. हवा चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर लिहिलेली असते आणि दोघांसाठी मागची हवा वेगळी, जास्त सांगितलेली असते. बहुतेक जण एकट्याच्या हवेवर दोघे फिरतात.

हेल्मेट होते, पण

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १२९ चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला सारखेच लागू आहे. चार वर्षांवरील प्रत्येकाला. पगडी घालणाऱ्या शीख व्यक्तींना सूट आहे. मागच्याला हेल्मेट लागत नाही, हे फक्त पोलीस पाहत नसतात तोवर खरे वाटते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-ड मध्ये हेल्मेट नसल्यास १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र अशी तरतूद आहे. तिघे बसल्यास १९४-क, तेवढाच दंड आणि तेवढीच अपात्रता. कलम १२९ हेल्मेट नुसते डोक्यावर ठेवण्यावर थांबत नाही, ते पट्ट्याने घट्ट बांधलेले असावे असे म्हणते. म्हणजे या प्रकरणात पुढच्याकडेही कायद्याच्या दृष्टीने हेल्मेट नव्हतेच.

हेल्मेटचे काम आतला थर्मोकोल करतो. बाहेरचे कवच धक्का पसरवते, आतला जाड थर चेपतो आणि डोके थांबायला काही मिलिमीटर जास्त देतो. तो थर एकदाच चेपतो. एकदा आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी टाकून द्यायचे. आणि ट्रॉलीसारख्या धडकेत डोके एकदा आपटत नाही. पहिला मार समोर, दुसरा जमिनीवर. पट्टा नसेल तर पहिल्या मारालाच हेल्मेट निघते आणि दुसरा मार, जो बहुधा कवटी फोडतो, उघड्या डोक्यावर बसतो. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्के कमी होतो. हे आकडे डोक्यावर टिकलेल्या हेल्मेटचे आहेत.

माप घ्यायचे ते भुवयांच्या वर, कानांच्या वरून आणि डोक्याच्या मागच्या फुगीर भागावरून, टेपने. ५८ सेंटिमीटरला बहुतेक कंपन्यांचे मध्यम, ५९-६० ला मोठे. घातल्यावर गालांचे मांस किंचित वर दाबले गेले पाहिजे, आणि डोके हलवले की हेल्मेट त्याच्याबरोबर हलले पाहिजे. पट्टा लावून हनुवटीखाली दोन बोटे जावीत, तीन नव्हे. मग दोन्ही हातांनी मागून वर ओढून पाहा. पुढे निघून येत असेल तर ते माप आपले नाही. रस्त्याच्या कडेला ढिगाने विकतात त्या टोप्या हेल्मेट नव्हेत. जून २०२१ पासून आयएस ४१५१ ची, म्हणजे हेल्मेटच्या भारतीय मानकाची, खूण नसलेले दुचाकी हेल्मेट विकायलाच बंदी आहे. खूण खरी की छापील, हे पाहायला तिच्याखालचा सीएम/एल हा परवाना क्रमांक मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकायचा. कंपनीचे नाव जुळले तर ठीक.

मागच्याची मांडी मोडली त्याला आणखी एक कारण होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ, पाय ठेवायचे फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे आवरण असले पाहिजे. या गाडीचे सीटमागचे हँडल काढून तिथे पिशव्या बांधायचा कॅरिअर बसवला होता. मागच्याने त्याच्या पत्र्याला धरले होते. धक्क्यात ते सुटणारच.

ट्रॉलीवाल्याने काय करायला हवे होते

कायद्याच्या कलम १२२ प्रमाणे वाहन किंवा त्याची ट्रॉली इतरांना धोका होईल अशा जागी, अशा स्थितीत उभी ठेवता येत नाही. पंक्चर हे थांबायचे कारण आहे, अंधारात सोडून जायचे नाही. ‘कारखाना हितंच हाय की, दोन किलोमीटर’ हे वाक्य पंचनाम्यात टिकत नाही.

प्रत्यक्ष उपाय स्वस्त आहेत. ट्रॅक्टरपासून ट्रॉलीकडे जाणारी दिव्यांची वायर पहिल्या ट्रॉलीपर्यंत कशीबशी पोहोचते, दुसरीला बहुधा मिळतच नाही. सॉकेटमध्ये माती भरलेली असते. म्हणून मागच्या ट्रॉलीला सेलवर चालणारा लाल लुकलुकता दिवा टांगायचा, तोही फाळक्याला नव्हे तर लोंबणाऱ्या उसाच्या टोकापाशी. परावर्तक कापडाचा पट्टा मोळ्या भरून झाल्यावर सगळ्यांत मागे, बाहेरून बांधायचा. भरण्याआधी चिकटवलेली पट्टी वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, आड जाते, इथे झाले तसेच. थांबावे लागले तर त्रिकोण मागे ५० पावलांवर नव्हे, ५० मीटरवर. त्रिकोण नसेल तर पाल्याची फांदी ठेवण्याची आपली जुनी रीत दिवसा ठीक आहे, रात्री ती फांदी म्हणजे आणखी एक अडथळा. आणि एक माणूस बॅटरी घेऊन मागे उभा हवा. ऊसतोडीच्या टोळीतली चार माणसे बहुधा ट्रॉलीवरच बसलेली असतात, त्यामुळे माणूस नव्हता ही सबब चालत नाही.

पहिला अर्धा तास

पहिले काम दुसरा अपघात थांबवणे. आलेल्यांनी एक मोटरसायकल मागे पन्नासेक मीटरवर तिरकी उभी करून तिचे इंडिकेटर चालू ठेवले, हे बरोबर केले. मग १०८ ला फोन. चुकले ते असे की चालवणाऱ्याला दोघांनी काखेत धरून उभे करायचा प्रयत्न केला आणि पाणी पाजले. डोके आपटलेल्या माणसाला उठवायचे नाही, मान हलवायची नाही, तोंडात काही घालायचे नाही. श्वास घरघरत असेल तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून कुशीवर करायचे. हेल्मेट डोक्यावर असते तर आणि श्वास चालू असता तर ते ओढून काढायचे नव्हते. उलटी किंवा श्वास अडकल्यामुळे काढावेच लागले तर एकाने खालून मान आणि जबडा धरायचा, दुसऱ्याने पट्टा कापून हेल्मेट दोन्ही बाजूंनी फाकवत सरकवायचे. मोडलेली मांडी सरळ करायचा घरगुती प्रयोग करू नये. दोन्ही पाय एकमेकांना गुडघ्याच्या वर-खाली पंचाने बांधले की पुरते.

पोलिसांच्या भीतीने निम्मे लोक लांब उभे राहिले. कलम १३४-अ मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी दोन्ही कारवाईपासून संरक्षण देते. नाव सांगायची सक्ती नाही, दवाखान्यात थांबवून ठेवता येत नाही. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या कॅशलेस योजनेत अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार मिळतात, मात्र अपघाताची पोलिसांकडून खातरजमा व्हावी लागते. म्हणून ११२ वर कळवणे आणि रुग्णालयात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची, नोंद करून घेणे, ही दोन्ही कामे पैशाशी जोडलेली आहेत. ‘गाडीवरून पडला’ एवढेच लिहून सुटका करून घेतली की पुढे ट्रॉलीचे नाव कागदावर आणताना घाम फुटतो.

कागद आणि भरपाई

या पट्ट्यात पैसे बुडतात ते इथे, कागदांत.

आधी मागे बसलेला मित्र. तो ना चालवत होता, ना ट्रॉली त्याची. चूक दुचाकीची काही आणि ट्रॉलीची काही, असे ठरले तरी तो पूर्ण भरपाई दोघांपैकी कुणा एकाकडून मागू शकतो. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. मोटरसायकलचा विमा फक्त त्रयस्थ पक्षाचा (थर्ड पार्टी) होता, आणि तशा पॉलिसीत मागे फुकट बसणारा धरला जात नाही. सर्वसमावेशक पॉलिसी असती तर धरला गेला असता. त्यामुळे त्याची वाट ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या विम्याकडे जाते. हेल्मेट नव्हते म्हणून त्याचा दावा फेटाळता येत नाही. दुखापत मांडीची असल्याने तो मुद्दा त्याच्याविरुद्ध फारसा चालणारही नाही.

चालवणाऱ्याचे अवघड आहे. उभ्या वाहनावर मागून आदळणाऱ्याची काही टक्के चूक धरून भरपाई कापायची, हा मोटार अपघात भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणांचा नेहमीचा कल. मात्र २०२४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवे-इशारा न देता महामार्गावर सोडलेल्या ट्रकच्या बाबतीत मागून आदळलेल्या चालकाची चूक धरायला नकार दिला. म्हणजे ट्रॉलीच्या मागे दिवा नव्हता, पट्टी झाकलेली होती, त्रिकोण नव्हता, हे जितके पक्के सिद्ध होईल तितकी कपात कमी. दुसऱ्या बाजूला जळालेला अप्पर आणि सैल ब्रेक आहेत, आणि विमा कंपनीचा वकील ते सोडणार नाही. पट्टा न लावलेल्या हेल्मेटमुळे अपघात घडला असे म्हणता येत नाही, पण डोक्याची दुखापत त्यामुळे वाढली, असा युक्तिवाद होतो.

स्वतःच्या पॉलिसीतले पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षणही त्याला नाही. ते मालक-चालकासाठी असते. गाडी चुलतभावाच्या नावावर. गाडी मागून घेणारा कायद्याच्या नजरेत मालकाच्याच जागी उभा राहतो, म्हणून त्या गाडीच्या विमा कंपनीवर त्रयस्थ म्हणून दावाही चालत नाही. एका घरात तीन गाड्या आणि पाच चालवणारे, नावे भलतीच, हे आपल्याकडे सर्रास आहे. गाडी ज्याच्या रोजच्या वापरात आहे त्याच्या नावावर करून घेणे हे आरटीओतले एका दिवसाचे काम नसले तरी पंधरा लाखांपेक्षा नक्कीच स्वस्त आहे. लायसन्स नसते तर काय? त्याने अपघात आपोआप त्याच्या माथी बसत नाही, तेही न्यायालयांनी सांगितले आहे. पण कलम १८१ खाली ५,००० रुपये दंड होतो, आणि गाडी देणाऱ्या मालकावर कलम १८० वेगळे लागते. चालवणारा अठराच्या आतला असता तर पालक किंवा मालकावर कलम १९९-अ : २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, बारा महिने नोंदणी रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांत तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल. नातेवाइकांनी त्याची प्रत मागावी. भरपाईसाठी कलम १६६ खाली करायच्या अर्जाला कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. प्लास्टर निघाल्यावर बघू, असे म्हणत बसू नये. अर्ज अपघाताच्या ठिकाणी, राहत्या ठिकाणी किंवा प्रतिवादीच्या ठिकाणी, यांपैकी सोयीच्या न्यायाधिकरणात करता येतो.

पुरावा मात्र त्याच रात्री विरतो. कारखान्याला ऊस हवा असतो, तोडलेल्या उसाचे वजन दर तासाला घटते, त्यामुळे चाक बदलून ट्रॉली पहाटेच्या आत कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलेली असते आणि दुसऱ्या दिवशी पंचनाम्यापुढे रिकामी, धुतलेली, पट्ट्या चमकणारी ट्रॉली उभी राहते. म्हणून जखमींना गाडीत घातल्यावर मागे उरलेल्या एकाने मोबाइलने फोटो काढायचे : लांबून फ्लॅशशिवाय, म्हणजे ट्रॉली किती दिसत होती ते कळते, जवळून लोंबणारा ऊस आणि त्यामागे झाकलेली पट्टी, घासल्याची खूण पायाने किंवा टेपने मोजून, साइडपट्टीची खोली. ट्रॅक्टरचा नंबर सगळे टिपतात. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा वेगळा असतो, आणि ‘ट्रॉलीचा विमाच नाही, ट्रॅक्टरचा फक्त शेतीकामासाठी’ हा विमा कंपनीचा हमखास बचाव. तेव्हा दोन्ही ट्रॉल्यांचे नंबर, पाट्या नसतील तर चॅसिसवर ठोकलेले क्रमांक, टिपून ठेवा. ट्रॉली नंतर काट्यावर गेली तर वजनाच्या पावतीवर वाहनाचा क्रमांक, वेळ आणि ऊस कुणाचा ते असते. ती पावती आणि तोडणीची स्लिप तपास अधिकाऱ्याने कारखान्याच्या शेती विभागाकडून मागवावी, असा लेखी अर्ज त्याच आठवड्यात ठाण्यात द्यायचा आणि पोचेचा शिक्का घेऊन ठेवायचा.